जुने लाँगआर्म क्विल्टिंग यंत्र घरी आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, माझ्या घरच्या सपरीला लागून असलेल्या खोलीत गेल्या तीन वर्षांपासून गोधड्या शिवायचे एक जुने लाँगआर्म यंत्र आहे. ते पाहायला येणाऱ्या बाया, बचत गटातल्या मैत्रिणी आणि फोनवरून चौकशी करणारे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. मी अभियंता नाही, त्यामुळे उत्तरे शिवणाऱ्या माणसाच्या बाजूने आहेत.

लाँगआर्म म्हणजे नेमके कोणते यंत्र?

घरच्या शिवणयंत्रात सुई एका जागी वरखाली होते आणि कापड सरकते. लाँगआर्ममध्ये कापड स्थिर असते आणि यंत्र सरकते. वरचा जोड, मधला भराव आणि खालचे अस्तर असे तिन्ही थर लोखंडी चौकटीच्या रुळांवर ताणून बसवलेले असतात आणि दोन मुठी धरून आपण यंत्राचे डोके त्यांच्यावरून फिरवतो, पाटीवर पेन्सिल फिरवावी तसे. त्यामुळे थर आधी हाताने टाचून घेण्याचे काम उरत नाही. ज्यांनी भर उन्हाळ्यात जमिनीवर बसून वाकळ टाचली आहे, त्यांना ही सोय किती मोठी आहे ते सांगावे लागणार नाही.

सुईपासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा घरगुती यंत्रात साधारण ६ ते ८ इंच असते, तर लाँगआर्ममध्ये ती १८ ते ३० इंच असते. मात्र ही सगळी जागा शिवायला मिळत नाही, कारण शिवून झालेला भाग याच जागेतल्या रुळावर गुंडाळला जातो आणि जाड वाकळ असेल तर शेवटी शेवटी १८ इंचांपैकी बारा-तेरा इंचच हाती उरतात.

बाजारात विचारताना एक काळजी घ्यावी. आपल्याकडे ‘लाँग आर्म’ म्हटले की मशीनवाले ताडपत्री आणि तंबू शिवायचे लांब हाताचे यंत्र दाखवतात आणि ‘क्विल्टिंग मशीन’ म्हटले की गादीच्या कारखान्यातले अनेक सुयांचे. ही दोन्ही यंत्रे वेगळी आहेत. चौकटीवर चालणारे, एका सुईचे, हाताने फिरवायचे यंत्र हवे, असे स्पष्ट सांगावे. गॅमिल, एपीक्यूएस, नोल्टिंग आणि हँडी क्विल्टर ही या यंत्रांची अमेरिकेतली जुनी नावे आहेत.

नवे न घेता जुने का घ्यावे?

पैशांसाठी, दुसरे काही कारण नाही. या यंत्राचे डोके ओतीव धातूचे आणि साध्या रचनेचे असते. तेलपाणी नीट झालेले वीस वर्षांचे यंत्रही चांगला टाका घालते. यंत्र जुने असण्याची भीती बाळगू नये. भीती असावी ती वाकड्या चौकटीची, घासलेल्या हूकची (सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणारा भाग) आणि चुकीच्या विजेची, आणि या तिन्ही गोष्टी विकत घेण्यापूर्वी तपासता येतात.

विकत घेण्यापूर्वी काय काय तपासावे?

विक्रेत्याने आधीच बसवून ठेवलेल्या नमुन्यावर विश्वास न ठेवता स्वतःचे कापड, स्वतःचा भराव आणि स्वतःचा दोरा घेऊन जावे. सरळ रेघ प्रत्येक यंत्र चांगली घालते, म्हणून हाताएवढे गोल काढून पाहावेत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. बिघडलेल्या यंत्राचा टाका एखाद्या दिशेलाच सुटतो किंवा दोरा त्याच दिशेला झिजून तुटतो आणि ते गोलातच उघडे पडते.

त्यानंतर सुईखालचे झाकण काढून हूक पाहावा. त्यासाठी सरकी काढलेल्या कापसाचा लहानसा बोळा हूकच्या टोकावरून आणि कडेवरून हलकेच फिरवावा. जेथे खरवड असेल तेथे कापसाचे तंतू अडकून राहतात. बोटाला न जाणवणारी खरवड कापसाला जाणवते आणि तीच पुढे दर दहा मिनिटांनी दोरा तोडते. बारीक खरवड पॉलिश करून काढता येते, पण टोकच बोथट झाले असेल तर हूक बदलावा लागेल हे धरून किंमत बोलावी.

चौकटीकडे मात्र बहुतेक जण पाहतच नाहीत आणि मीही पाहिले नव्हते. ज्या व्यापाऱ्याकडून मी यंत्र घेतले, त्याने रुळांना ताजा राखाडी रंग दिलेला होता आणि तो रंग पाहून मला यंत्र फार निगुतीने वापरलेले वाटले. घरी आणून जोडल्यावर लक्षात आले की तीनपैकी एक रूळ मधोमध वाकलेला आहे. त्यावर गुंडाळलेले अस्तर मध्ये ढिले आणि कडांना घट्ट राहत असे. तो रूळ शेवटी तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून नव्या पाइपचा करून घ्यावा लागला. रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरावी आणि रूळ हळूहळू फिरवावा. दोरी आणि रूळ यांच्यामधली फट कमीजास्त होत असेल तर रूळ वाकलेला आहे. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

राहिली यंत्र ज्यांवर सरकते ती चाके. यंत्र दोन्ही दिशांना हलक्या हाताने ढकलून पाहावे. दर फेरीला एकाच ठिकाणी टक्‌ असा धक्का बसत असेल तर फार दिवस उभे राहून चाक एका बाजूने चपटे झाले आहे असे समजावे.

टाका आपोआप सारखा राखणारी सोय आणि संगणक असलेले यंत्रच घ्यावे का?

या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्टिच रेग्युलेटर असलेल्या यंत्रात हाताच्या वेगाप्रमाणे मोटर आपला वेग बदलते आणि इंचाला दहा ठरवले तर दहाच टाके पडतात. ही सोय नसलेल्या जुन्या यंत्रात मोटर एकाच वेगाने चालते आणि टाका सारखा ठेवण्याचे काम आपल्या हाताला करावे लागते. ते जमते, पण दोन-तीन महिने जातात. परवडत असेल तर रेग्युलेटर असलेले घ्यावे आणि चाकाजवळचा त्याचा सेन्सर व वायर धड आहे ना, ते चालवून पाहावे.

नक्षी आपोआप काढणाऱ्या संगणकाच्या मागे पहिल्यांदा लागू नये. जुना संगणक, त्याची जुनी प्रणाली आणि नव्या मालकाच्या नावावर होईल की नाही अशा परवान्याचे सॉफ्टवेअर, एवढ्यावर गावात बसून तोडगा काढणे कठीण आहे.

यंत्र गावापर्यंत आणायचे कसे?

सुटे करून आणावे. सुटे करण्यापूर्वी प्रत्येक जोडाचा आणि प्रत्येक वायरीचा मोबाइलवर फोटो काढावा आणि वायरींना चिकटपट्टी लावून क्रमांक द्यावेत. नट-बोल्ट ज्या भागाचे असतील, त्याच भागाला पिशवीत बांधून ठेवावेत. डोक्याचे वजन सहज वीस-पंचवीस किलो आणि मोठ्या यंत्रात त्याहून जास्त असते. ते आडवे न टाकता उभे, जाड गादीवर आणि चहूबाजूंनी बांधून ठेवावे. छोट्या हत्तीमध्ये सगळे मावते, फक्त बारा फुटी रूळ मागे बाहेर येतात, त्यांच्या टोकांना लाल फडके बांधावे.

जागा किती लागते आणि चौकट कशी बसवावी?

बारा फुटी चौकटीला साधारण पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली लागते, कारण पुढून शिवायला आणि मागून दोरा, नमुना, बॉबिन पाहायला माणूस फिरला पाहिजे. एवढी खोली नसेल तर काही चौकटी आठ किंवा दहा फुटांच्या करून बसवता येतात. डोक्याची रुंदी आणि बाजूचे चिमटे यांत दीड-दोन फूट जातात, तरी पाच फूट रुंदीची एकेरी गोधडी आठ फुटी चौकटीवर आरामात होते. कापसाच्या हंगामात ज्या खोलीत कापूस भरून ठेवता ती खोली यासाठी धरू नये, कारण उलंगवाडी होईपर्यंत ती मोकळी मिळणार नाही आणि हवेतली तूस चाकांत व मोटरीत जाऊन बसेल.

चौकट पूर्ण समतल असणे ही यातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. जुन्या घरांची फरशी पाणी जावे म्हणून मुद्दाम दाराकडे किंवा मोरीकडे उतरती केलेली असते, डोळ्यांना ते दिसत नाही, पण यंत्राला कळते. माझे यंत्र हात सोडला की आपसूक डावीकडे चालू लागायचे आणि मी महिनाभर त्याला उजवीकडे ओढत शिवत होते. मनगट दुखायचे, गोल अंड्यासारखे यायचे आणि दोष मी स्वतःच्या हाताला देत होते. शेवटी घराच्या कामावर आलेल्या गवंड्याने आपली पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक चौकटीच्या डाव्या कोपऱ्याला आणि दुसरे उजव्या कोपऱ्याला धरले, तेव्हा बारा फुटांत पाऊण इंचाचा फरक निघाला. बारा फुटांवर छोट्या लेव्हलपेक्षा ही नळीच खरे सांगते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. चारही कोपरे, मग मधला पाय असा क्रम ठेवावा. पायांचे बोल्ट पुरत नसतील तर खाली शहाबादी फरशीचे तुकडे द्यावेत. सारवलेल्या जमिनीवर प्रत्येक पायाखाली सपाट दगड घ्यावाच, नाहीतर पाय रुततो. यंत्र मध्ये आणि चारही कोपऱ्यांत सोडून पाहावे. सोडाल तेथे ते उभे राहिले पाहिजे.

अमेरिकेतून आलेले यंत्र आपल्या विजेवर चालेल का?

थेट लावू नये. तेथील घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, तर आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. यंत्राच्या मागची पाटी वाचावी. तिच्यावर १००-२४० व्होल्ट लिहिले असेल तर फक्त प्लग बदलून भागते. फक्त १२० लिहिले असेल तर २३० चे ११० करणारा, गुंडाळीचा खरा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो पाटीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा. केस वाळवायच्या यंत्राबरोबर मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर यासाठी नसतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे डीसी मोटर असलेल्या यंत्राला काही फरक पडत नाही, पण साधी एसी इंडक्शन मोटर असेल तर ती सुमारे एक षष्ठांशाने हळू चालते.

आपल्याकडचा खरा त्रास कमीजास्त होणाऱ्या व्होल्टचा आहे. संध्याकाळी दिवे पिवळे पडतात आणि वीज परत येते तेव्हा उसळी मारून येते. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर, मग यंत्र असा क्रम ठेवावा. अर्थिंग खरी आहे का, हे वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे. भिंतीतल्या बोर्डाला तिसरे छिद्र असले म्हणजे त्यामागे वायर असतेच असे नाही. इन्व्हर्टरवर चालवायचे असल्यास तो साइन वेव्हचा असावा. शिवताना वीज गेली तर यंत्र ओढू नये, कारण सुई कापडात रुतलेली असते. बटण बंद करावे, शिवताना सुईचे चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ते हाताने फिरवून सुई वर घ्यावी आणि मगच यंत्र हलवावे.

सुया, दोरा आणि बॉबिन आपल्याकडे मिळतात का?

मिळतात, फक्त नेमके नाव माहीत हवे. बहुतेक लाँगआर्मना १३४ प्रकारची, गोल आणि जाड दांड्याची सुई लागते. तिलाच औद्योगिक सुयांच्या दुकानात डीपी-एक्स-५ म्हणतात. टेलरच्या वेगवान मशीनची डीबी-एक्स-१ सुई दिसायला तशीच, पण दांड्याने बारीक असते. दुकानदार ‘हीच चालते बाई’ म्हणाला तरी ती घेऊ नये. साध्या सुती गोधडीला १६ क्रमांक आणि जुन्या साड्यांच्या जाड थरांना १८ क्रमांक ठीक पडतो. सुईची खाच असलेली बाजू हूककडे आली पाहिजे. एका गोधडीला एक नवी सुई, हा हिशेब महाग वाटतो, पण तुटलेल्या दोऱ्यांपेक्षा तो स्वस्त पडतो.

दोरा चांगला पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण हे यंत्र मिनिटाला दीड-दोन हजार टाके घालू शकते आणि त्या वेगाला हातशिलाईचा दोरा टिकत नाही. बॉबिन दोन मापांचे असते. एल सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे आणि एम सुमारे २५ मिलिमीटरचे. एकाचे दुसऱ्यात बसत नाही, म्हणून यंत्राबरोबर आलेले एक बॉबिन दुकानात सोबत न्यावे.

वरचा दोरा खाली आणि खालचा वर दिसतो. टेन्शन कसे लावावे?

सुरुवात नेहमी बॉबिनपासून करावी. भरलेले बॉबिन पेटीत घालून पेटी तळहातावर ठेवावी आणि दोरा वर ओढावा. पेटी उभी राहावी, पण तळहात सोडू नये. नंतर दोऱ्याला धरून ती लटकवावी आणि हलका झटका द्यावा. झटक्याबरोबर ती थोडी खाली उतरून थांबली तर ठीक. धाडकन घसरली तर पेटीचा बारीक स्क्रू किंचित आवळावा, हललीच नाही तर सैल करावा. किंचित म्हणजे घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा, त्याहून जास्त नाही.

बॉबिन एकदा लागले की त्याला हात न लावता वरच्या दोऱ्याचा ताण बदलणाऱ्या चकत्या फिरवाव्यात. गोधडीच्या वरच्या बाजूला दोरा सरळ तारेसारखा पडून खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला बॉबिनचा दोरा तारेसारखा असेल आणि वळणांवर पापण्यांसारखे केस दिसत असतील तर वरचा ताण कमी आहे. हे तपासण्यासाठी गोधडीच्या बाजूला त्याच थरांची एक पट्टी जोडून ठेवावी आणि दर बॉबिनला तिच्यावर चार गोल काढावेत. खालची बाजू आरसा धरून किंवा मोबाइल खाली सरकवून पाहता येते.

टाका सुटण्याचे आणखी एक कारण चौकटीवरच असते. नवशिका माणूस कापड ढोलकीसारखे ताणतो. ते इतके सैल हवे की खालून बोट वर दाबले तर वरून ते चिमटीत धरता यावे.

पिंजाऱ्याकडचा कापूस भराव म्हणून चालेल का? आणि जुन्या साड्या?

मोकळा पिंजलेला कापूस चालत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगायला अवघड वाटते, पण चौकटीवर कापड उभे-आडवे ताणले जाते आणि सुटा कापूस त्यात सरकून एका जागी गोळा होतो. दुलई जमिनीवर पसरून हाताने लांब डोरे घालण्यासाठी असते, त्या कामाला पिंजारीच हवा. लाँगआर्मला एकसंध चादरीसारखा, सुयांनी दाबून बांधलेला सुती भराव किंवा पॉलिएस्टर वॅडिंग लागते. नागपूरच्या इतवारी-गांधीबाग भागात रोलवर विचारून पाहावे.

जुनी सुती लुगडी आणि धोतरे मात्र उत्तम चालतात. वरचा जोड, आत दोन-तीन पदर आणि खाली अस्तर एवढे पुरते. नायलॉन आणि जॉर्जेट आत घालू नये, ते घसरतात. फॉल, जरीचे काठ, हूक, बटण सगळे काढावे. अस्तर आणि भराव वरच्या जोडापेक्षा प्रत्येक बाजूने चार इंच मोठे घ्यावेत, नाहीतर शेवटच्या फुटाला चिमटे लावायला काही उरत नाही.

सुई तुटल्यानंतर टाकाच पडत नाही. काय झाले असेल?

बहुधा टायमिंग, म्हणजे सुई आणि हूक यांचा मेळ, हलले आहे. सासूबाईंच्या लुगड्याच्या पदरात राहिलेल्या एका सेफ्टी पिनेवर माझी सुई आदळली, तेव्हा हेच झाले होते. सुई अगदी खाली जाऊन सुमारे दोन-अडीच मिलिमीटर वर येते, त्या क्षणी हूकचे टोक सुईच्या मागे, नेढ्याच्या किंचित वर आले पाहिजे आणि दोघांत कागदाएवढी फट राहिली पाहिजे. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतला आकडा मात्र आधी पाहावा. तालुक्याच्या जागी औद्योगिक शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे तत्त्व माहीत असते. यंत्र पाहून तो आधी बिचकतो, मग झाकण काढल्यावर ‘अरे, हे तर आपलंच आहे’ म्हणतो. तेव्हापासून मी प्रत्येक जुन्या कापडावरून कपाटाला लावायचे लोहचुंबक फिरवते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळी काय काळजी घ्यावी?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी इलेक्ट्रॉनिक भाग चालवणे म्हणजे ते घालवणे आहे. सकाळी दहाच्या आत काम आटोपावे. कूलरचा झोत यंत्रावर येऊ देऊ नये. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा माणसाला गोड लागते, पण रुळांवर आणि हूकवर आठ दिवसांत तांबूस डाग पडतात. पावसाळ्यात काम नसले तरी आठवड्यातून एकदा यंत्र दहा मिनिटे चालवावे आणि हूकला थेंबभर तेल द्यावे. शिवताना दर बॉबिनला ब्रशने तूस काढून एक थेंब पुरतो. तेल पांढरे, स्वच्छ मशीन तेलच असावे. खोबरेल थंडीत गोठते आणि एरवी चिकट होते. रात्री सर्व यंत्रावर सुती चादर टाकावी आणि वायरी जमिनीवर लोळू देऊ नयेत, कारण उंदरांना त्यांची चव लवकर कळते.

किती दिवसांत हात बसतो? आणि लोकांची कामे कधी घ्यावीत?

रोज तासभर दिला तर महिन्यात साधी वेलांटी, म्हणजे सलग वळणांची नक्षी, येते. आधी ती कागदावर पेन न उचलता काढून पाहावी, कारण कागदावर अडते तेच कापडावर अडते. पहिल्या पाच गोधड्या घरच्याच असाव्यात. सवय झाल्यावर पाच बाय सात फुटांची गोधडी साध्या वेलांटीने दोन-तीन तासांत निघते, सुरुवातीला तिला पूर्ण दिवस जातो. रेघांमध्ये दोन-तीन इंच अंतर ठेवावे, दाट शिवली की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हातच्या धावदोऱ्याचा मऊपणा यंत्राच्या टाक्याला येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावे. बाळाचे दुपटे मी अजूनही हातानेच शिवते.

शिलाईचा दर नगावर न ठरवता चौरस फुटावर ठरवावा, नाहीतर लोक दोन गोधड्यांची एक करून आणतात. वर सांगितलेली पाच बाय सात फुटांची गोधडी ३५ चौरस फुटांची होते. दोरा, सुई आणि वीज दरात धरावी, भराव वेगळा लावावा. कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून आणायला सांगावे आणि घेताना गिऱ्हाइकासमोरच उलगडून फाटके, विरलेले भाग दाखवून वहीत लिहून ठेवावेत.